शिरोलीत हीट उसनी मिळते, रेट मिळत नाही

रात्री पावणेबाराला फोन. हा मालक एरवी व्हॉट्सॲप पण दुपारच्या जेवणानंतर बघतो, त्यामुळं स्क्रीनवर नाव दिसल्यावरच म्हणलं काहीतरी झालंय. "सर, कॉईल गेली." एवढंच बोलला आणि मागं पोरांचा आरडाओरडा.

मी छोट्या फौंड्र्यांची, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यांची, क्वालिटीची कागदं आणि कॉस्टिंग बघून देतो, कोल्हापूरच्या एमआयडीसींत, शिरोली, गोकुळ शिरगाव, कधी कागल-हातकणंगले पंचतारांकित. हे प्रकरण त्यातल्याच एका फौंड्रीचं. नाव घेणार नाही आणि आकडे पण थोडे गोल केलेत, कारण इथं पार्टचं वजन सांगितलं की लोक फौंड्री ओळखतात. ५०० किलोची एक इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर लोखंड वितळवायची भट्टी, साडेतीनशे किलोवॅटचं पॅनेल, दोन पाळ्या, पस्तीस-चाळीस माणसं, महिन्याला सव्वाशे टनाच्या आसपास माल. शिरोलीत असल्या डझनावारी सापडतील, सगळा कोल्हापूर पट्टा धरला तर फौंड्र्याच तीनशेच्या आसपास आहेत.

ज्यांनी फर्नेस बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॉईल म्हणजे तांब्याची पोकळ नळी, तिच्यातनं करंटही जातो आणि थंड ठेवायला आतनं पाणीही फिरतं, आणि मधल्या लायनिंगच्या, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराच्या, पलीकडं १४०० डिग्रीच्या वर तापलेला लोखंडाचा रस. लायनिंगला चीर पडून रस कॉईलकडं सरकायला लागला की अर्थ लीकेजचा अलार्म वाजतो, आणि तो वाजल्यावर विचार करत बसायचं नसतं, पाणी आणि रस एकत्र आले की स्फोटच. पाळीवरच्या पोरानं पॉवर तोडली, फर्नेस तिरकी करून सगळा रस पिटात ओतला. कुणाला काही झालं नाही हे नशीब. पण फर्नेस बसली, आणि परवा सकाळी पुण्याच्या गिऱ्हाईकाला १२०० बेअरिंग हाऊसिंग जायची होती, त्यातली नव्वदेक अजून ओतायचीच होती.

आता पुढचे अडीच दिवस बघा. साडेबाराला शेजारच्या फौंड्रीच्या मालकाला फोन केला, तो झोपेतनं उठून म्हणाला, "अरं मग प्लेटा घेऊन ये की सकाळी, माझी पहिली पाळी रिकामीच हाय, चार हीट घे." हीट म्हणजे फर्नेसभर रसाची एक खेप. पहाटे टेम्पोत मॅचप्लेट (साचा उठवायचा नमुना), कोअर (आतल्या पोकळीसाठीचे वाळूचे साचे), दोन मोल्डर घालून पाठवले. हे जमलं कारण बहुतेक सगळ्यांकडं तीच आर्पाची मोल्डिंग मशीनं आहेत, त्यामुळं बॉक्सची मापं पण जवळजवळ तीच, याची प्लेट त्याच्या मशीनवर बसते. कॉईल दुरुस्तीवाला गोकुळ शिरगावचा, सकाळी सातला हजर, दुपारपर्यंत नळीचा गेलेला भाग कापून नवीन तुकडा ब्रेझिंग करून, प्रेशर टेस्ट घेऊन मोकळा. लायनिंग ठोकून भरायची पावडर, रॅमिंग मास, आपल्याकडं दोनच पोती होती, तिसऱ्या गल्लीतल्या एकानं सहा पोती उसनी दिली, चिठ्ठी नाही, सही नाही. शेजारी ओतलेल्या हीटचं नाणं, म्हणजे स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते मोजायचं मशीन) लावायचा सँपल, हातात धरून पोरगा चालत दहा मिनिटांत लॅबला, केमिस्ट्री एफजी २६० ग्रेडमध्ये बसती का ते बघून परत. तिसऱ्या दिवशी दुपारी लायनिंग सिंटर करून, म्हणजे भाजून घट्ट करून, स्वतःची पहिली हीट निघाली. माल अर्धा दिवस उशिरा पोचला, बस्स.

हेच एखाद्या एकट्या-दुकट्या गावात, जिथं आजूबाजूला फौंड्रीच नाही, तिथं झालं असतं तर कॉईल दुसऱ्या शहराला पाठवून परत यायला दोन-तीन आठवडे धरा. क्लस्टर क्लस्टर म्हणतात ते हे. पुस्तकात वेगळ्या शब्दात लिहितात पण शिरोलीत त्याला उसनवारी म्हणतात.

आणि ही उसनवारी काही काल-परवाची नाही. इथला सगळा लोखंडाचा धंदा उसातनं आला. ऊस, गुऱ्हाळं, नदीवरनं पाणी उचलायला इंजिन, चरकाला इंजिन, मग त्या इंजिनांची दुरुस्ती, मग स्पेअर पार्ट, मग उद्यमनगरात आख्खं ऑइल इंजिनच बनवायला लागले लोक. तिकडं १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली होती, लोखंडी नांगर तिथं व्हायचे, म्हणजे भागात ओतकाम बघितलेली माणसं होती. पुढं खेड्यापाड्यात वीज पोचली, डिझेल इंजिनची मागणी आटली, तोवर पुण्याकडं ट्रक, स्कूटर, पुढं ट्रॅक्टरवाले आले होते, त्यांच्याकडं इथली ओतकामं वळली. गुऱ्हाळात कढईत उकळतो तो पण रस आणि फर्नेसमधला पण रसच, कोल्हापूरकराला फार फरक वाटला नसणार बहुतेक.

तर मूळ प्रकरण हे कॉईलचं नाहीच. प्रकरण सुरू होतं त्यानंतर तीन आठवड्यांनी.

गिऱ्हाईकाच्या परचेसकडून मेल आला, दोन पार्टचे रेट परत द्या. एक काउंटरवेट, १८ किलोचं, भरीव ढेकूळ, कोअर नाही काही नाही. दुसरं तेच बेअरिंग हाऊसिंग, ११ किलोचं, आत दोन कोअर, वरनं पातळ भिंती. दोन्हीला आपला रेट ९६ रुपये किलो. मेलमागोमाग फोन, आणि फोनवरची भाषा सगळ्यांना पाठ आहे, "तुमच्याच एरियातनं साडेब्याण्णवला मिळतंय, बघा काय ते." वर एक टोला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरात हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि दिवसच्या दिवस गाड्या बंद होत्या, तेव्हापासून आम्ही बेळगावला पण सोर्स बघून ठेवलाय. हे खरं पण असेल. पण साडेब्याण्णवचा रेट बेळगावचा नव्हता. तो कुणाचा ते दोन दिवसात कळलंच, शिरोलीत अशी गोष्ट लपत नाही. ज्यानं रात्री साडेबाराला उठून चार हीट दिल्या होत्या, त्याचाच.

मालक लई चिडले. "हीट देताना भाऊ, आणि रेट देताना वैरी." मला पण पहिल्यांदा तसंच वाटलं. पण नंतर शेजाऱ्याशी बोललो तर त्याच्या डोक्यात दगाबिगा काही नव्हतं, त्यानं चार हीट ओतताना ह्यांची काउंटरवेटची प्लेट पण शेडमध्ये बघितली होती आणि त्याला वाटलं सोपं काम आहे, माझी फर्नेस तशीही अर्धी रिकामी, विजेचे डिमांड चार्जेस वापर असो-नसो भरायचेच आहेत, साडेतीन रुपये कमी घेऊन चालवू. परचेसवाल्यानं विचारलं, त्यानं सांगितलं. हाऊसिंगला त्यानं कोटच केलं नव्हतं, ते कटकटीचं म्हणून. परचेसवाल्यानं तोच साडेब्याण्णवचा आकडा उचलून दोन्ही पार्टला लावला.

आणि आमच्या मालकांनी काय केलं? काउंटरवेट गेलं ते गेलं, निदान गिऱ्हाईक टिकावं म्हणून हाऊसिंगचा रेट साडेब्याण्णव करून टाकला. फोनवरच. कॅल्क्युलेटर न काढता.

मी गेलो तेव्हा हे सगळं झालेलं होतं. मग दोन संध्याकाळ बसून दोन्ही पार्टची कॉस्ट वेगवेगळी काढली, जी खरं तर पहिल्या दिवशीच काढायला पाहिजे होती पण इथं सगळा धंदा किलोवर. काय रेट चाललाय किलोला? पार्ट कसला का असंना. वांगी विकल्यासारखं.

विजेचंच घ्या. यांच्या फर्नेसला एक टन रस करायला ६२० युनिट लागत होते. शास्त्राप्रमाणं ४०० च्या आतबाहेर पुरायला पाहिजे, पण उष्णता लायनिंगमधनं, उघड्या तोंडातनं, कॉईलच्या पाण्यातनं जातीच, ६२० काही वाईट नाही. युनिट हिशोबाला ९ रुपये धरलं तर रसाला किलोमागं ५ रुपये ५८ पैसे. पण आपण रस विकत नाही, कास्टिंग विकतो. काउंटरवेटमध्ये १०० किलो रसातला ७२ किलो माल होतो, उरलेला रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यात रस पोचवायच्या वाटांमध्ये, जाऊन परत फर्नेसमध्ये येतो. हाऊसिंगला फक्त ५४ किलो. म्हणजे नुसती वीज काउंटरवेटला किलोमागं पावणेआठ रुपये आणि हाऊसिंगला १० रुपये ३३ पैसे. अडीच रुपयाचा फरक इथंच. हाऊसिंगच्या दोन कोअरचा सेट ३८ रुपयाला पडतो, भागिले ११, साडेतीन रुपये किलोला. काउंटरवेटला शून्य. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, हाऊसिंगच्या आत ग्राइंडर घालायला लागतो, त्याचा दीड रुपया जास्तच. हाऊसिंगमध्ये शंभरात पाच रिजेक्ट, काउंटरवेटमध्ये एखाद-दुसरं, त्याचा आणखी दीड. सगळं मिळून एका किलोत नऊ रुपयाचा फरक, आणि दोन्ही विकले जात होते ९६ ला.

काउंटरवेटमध्ये किलोला आठ रुपये सुटत होते. हाऊसिंगमध्ये ९६ ला पण एक रुपया खिशातला जात होता. महिन्याच्या शेवटी बेरीज जुळायची म्हणून कुणाला कळायचं नाही. आता ४० टनाचं काउंटरवेट गेलं म्हणजे ३ लाख २० हजार गेले, आणि ३० टन हाऊसिंगवर आणखी साडेतीन रुपये सोडले म्हणजे १ लाख ५ हजार. महिन्याला सव्वाचार लाखाचा खड्डा. मालकांनी कागद बघितला, पोराकडं सरकवला आणि म्हणाले, "म्हंजे आपण इतकी वर्षं हाऊसिंग फुकट देत होतो व्हय." फुकट नाही, वर पैसे देऊन.

खड्डा पडला की माणूस काय करतो, खर्च कापतो, आणि फौंड्रीत पहिली कात्री वाळूवर चालते. सिलिका वाळू येते सिंधुदुर्गातनं, कासार्ड्याकडनं, घाट चढून, पावसाळ्यात घाट बंद पडला की वाट बघत बसायचं आणि येते ती ओली. वाळूला धरून ठेवणारी माती, बेंटोनाइट, ती कच्छची. दोन्हीचा डोस कमी केला, जुनीच वाळू फिरवत राहिले. किलोमागं तीस-चाळीस पैसे वाचले असतील. दीड महिन्यात गिऱ्हाईकाकडून डेबिट नोट, हाऊसिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आतली हवेची भोकं, आणि ते पण मशीनिंग झाल्यावर, बोअर मारताना आतनं उघडे पडलेले. म्हणजे कास्टिंगचे पैसे कापलेच, वर त्यांचा मशीनिंगचा खर्च, वर गाडीभाडं. रिजेक्शन पाचावरनं अकरा टक्क्यावर.

कारण शोधायला आम्ही केमिस्ट्री बघितली, टेम्परेचर बघितलं, कोअरचं रेझिन बघितलं. सापडलं दुसऱ्यालाच. मोल्डिंगवर एक म्हातारे मामा आहेत, त्यांनी बेल्टवरची वाळू मुठीत दाबली, उघडली, दोन बोटांनी मोडली. चांगली वाळू अशी मोडली की कडा चाकूनं कापल्यासारख्या राहतात आणि हात जवळजवळ कोरडा राहतो. ह्यांच्या तळव्याला ओल लागली, कडा ढासळल्या. मामा म्हणाले, "पानी पाजलंय हिला." तसंच झालं होतं. बेंटोनाइट कमी केल्यामुळं मोल्ड धरेना, कडा पडायला लागल्या, म्हणून मुलरवरच्या, म्हणजे वाळू कालवायच्या मशीनवरच्या, पोरानं कुणाला न विचारता पाणी वाढवलं. साडेतीन टक्क्याला पाहिजे ती ओल पाचाच्या जवळ. रस आत गेला की त्या पाण्याची वाफ, वाफेला वाट नाही, म्हणजे ब्लो होल. पोराचं तरी काय चुकलं, त्याला मोल्ड उभा करून द्यायचा होता.

मग मी एक आगाऊपणा केला. असंच परचेसच्या फोननं भाजलेले आणखी तीन मालक माहीत होते, ते तीन, आमचे मालक आणि तो शेजारी, पाच जणांना एका बंद शेडमध्ये चहाला बोलवलं. पहिली पंधरा मिनिटं कुणी कुणाकडं बघंना. मग एकजण म्हणाला, सगळ्यांनी मिळून रेटच ठरवून टाकू, ह्याच्या खाली कुणी जायचं नाही. मी म्हणलं ते विसरा, २००२ च्या कॉम्पिटिशन ॲक्टप्रमाणं स्पर्धकांनी मिळून रेट ठरवणं बेकायदा आहे, छोटे आहोत म्हणून सुटका नाही. त्यावर तो म्हणाला, "मग एकच बायर आमच्या तिघांना एकमेकांच्या अंगावर सोडून रेट पाडतोय ते चालतंय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तसंच पैशाचं. कायद्यानं छोट्या युनिटचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतं, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सच्या नियमामुळं वेळेत न दिलेलं बिल बायरला ते देईपर्यंत खर्चात पण धरता येत नाही. सगळ्यांना माहीत होतं. तक्रार कितीजणांनी केली विचारलं तर शून्य. चालू गिऱ्हाईकाची तक्रार कोण करतंय.

रेट नाही तर मग काय. मी एवढंच केलं की कॉस्ट शीटचा कोरा फॉर्म पाचजणांना दिला, पार्टवार, किलोवार नाही, आणि सांगितलं ज्यानं त्यानं आपलं आपण घरी जाऊन भरा, कुणाला दाखवू नका. शेजाऱ्याचा चार दिवसांनी फोन आला. त्याच्याकडं पण हाऊसिंगसारखं एक होतं, पंपाचं केसिंग, आणि त्याचा आकडा ह्यांच्यापेक्षा वाईट निघाला होता. तेव्हा मला कळलं की साडेब्याण्णवचा रेट हा काही डाव नव्हता, दोघंही अंधारात दगड मारत होते आणि बॅटरी एकट्या परचेसवाल्याकडं होती.

मिळून खरेदी करायची पण हौस झाली. बेंटोनाइट पाचजणांत एक गाडी मागवली, जमलं, आजही चालू आहे, कारण रक्कम छोटी आणि माल सरळ. स्क्रॅप मात्र तिसऱ्या गाडीला फिस्कटलं. गाडीत गॅल्व्हनाइझ पत्र्याचे तुकडे निघाले, ते कुणाच्या वाट्याला जायचे यावरनं भांडण, आणि एकाचा चेक बारा दिवस उशिरा. मला आधीच वाटत होतं. वाळू, बेंटोनाइट, टेस्टिंग असल्या गोष्टींत कोल्हापूरवाले एकत्र येतात, उधारीचा प्रश्न आला की पांगतात.

पाकिस्तानात सियालकोटला सर्जिकल इन्स्ट्रुमेंटचं असंच क्लस्टर आहे, शेकडो छोटी युनिटं, एकमेकांचे रेट पाडण्यात हयात गेलेली. १९९४ ला अमेरिकेच्या एफडीएनं क्वालिटीवरनं त्यांचा माल अडवला. मग तीच माणसं असोसिएशनच्या छताखाली आली, सरकारच्या मदतीनं बाहेरचे सल्लागार आणले, आणि थोड्या काळात बऱ्याच युनिटांनी क्वालिटीची सर्टिफिकेटं काढून निर्यात परत सुरू केली. त्यांना धक्का एकदम आणि सगळ्यांना एकाच दिवशी बसला. आपल्याकडं धक्का हप्त्याहप्त्यानं बसतो, आज ह्याचा रेट, उद्या त्याची डेबिट नोट, त्यामुळं प्रत्येकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय. एकदाच सगळे एका सुरात ओरडलेले आठवतात, वीजदरावरनं, आख्ख्या इंडस्ट्रीनं कर्नाटकात जायची भाषा केली होती तेव्हा. महावितरणचा दर सगळ्यांना एकाच तारखेपासून वाढतो, म्हणून असेल.

हाऊसिंगचं पुढं काय झालं ते सांगतो. बेंटोनाइट पूर्ववत, मुलरच्या पाण्याला मीटर, रिजेक्शन सहाच्या आत आलं. रेट मात्र वाढवून मिळेना. पार्टवार शीट दाखवली तर परचेसवाला म्हणाला, मला कास्टिंगचा रेट नकोच, मशीनिंग करून रेडी पार्ट द्या, त्याचा रेट बोलू. ह्यांच्याकडं मशीनिंग नाही. शेजाऱ्याकडं दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनिंगची मशीनं, दुसऱ्या एका ऑर्डरसाठी कर्जावर घेतलेल्या, ऑर्डर आटली आणि हप्ते चालू. तीन दिवस दोघांनी मला मध्ये घालून निरोप पाठवले, शेवटी मी म्हणलं समोरासमोर बसा, माझं पेट्रोल जातंय.

अडचण एकाच ठिकाणी होती, आणि ती फौंड्री आणि मशीनशॉपमधली जुनीच. बोअर मारताना भोक उघडं पडलं तर कास्टिंगही गेलं आणि मशीनचा वेळही गेला, तो कुणी भरायचा? फौंड्रीवाला म्हणतो टूल चुकलं, मशीनवाला म्हणतो मेटल खराब. ह्यावर अख्ख्या एमआयडीसीत भागीदाऱ्या मोडल्यात. शेवटी वहीचं पान फाडून मराठीत लिहिलं: ब्लो होल, सँड, श्रिंकेज (रस आटून पडलेली पोकळी) निघालं तर फौंड्रीवाला कास्टिंग बदलून देणार आणि तोवर झालेल्या मशीनिंगचे पैसे पण देणार, साईज किंवा फिनिश गेलं तर व्हीएमसीवाला कास्टिंगची किंमत देणार, आणि कळलंच नाही कशामुळं तर निम्मं-निम्मं. ठरवायचं कुणी, तर मामांनी आणि व्हीएमसीच्या सेटरनं मिळून. खाली दोघांच्या सह्या. इतक्या वर्षांच्या उसनवारीत ह्या दोघांतला हा पहिला सही केलेला कागद.

बायरला बिल एकाचंच, मशीनिंग जॉबवर्कवर. रेट रेडी पार्टचा लागला, किलोचा नाही. हाऊसिंगच्या कास्टिंगमध्ये आता थोडे सुटतात, काउंटरवेट अजून शेजाऱ्याकडंच आहे आणि त्यावर दोघंही बोलत नाहीत.

पहिला लॉट २०० नगांचा गेला. सात परत आले. मामांनी आणि सेटरनं टेबलावर मांडून बघितले, चार ब्लो होलचे, तीन बोअर ओव्हरसाईज. चारचे ह्यांनी भरले, तीनचे त्यांनी, हिशोब गेटबाहेरच्या टपरीवर वीस मिनिटांत मिटला आणि चहाचे पैसे द्यायला मात्र दोघं भांडले. गिऱ्हाईकाचं पेमेंट अजून यायचंय, आज एकोणचाळिसावा दिवस.